आईच्या मशीनवरचा आवाज

११ फेब्रुवारी

आवाज गेला! सकाळी आईने कॉम्प्युटरची कळ दाबली – काहीच नाही. ऐकत असलेलं पुस्तक अर्धं राहिलेलं.

भाऊ काल परत गेला. निघताना म्हणाला, "ताई, मशीनमधला कचरा काढून दिलाय." मोठे उपकार! आईची नजर गेल्यावर पहिल्यांदा राहायला आला, तोही झाडू घेऊनच.

१२ फेब्रुवारी

कारण सापडलं. लिनक्स ह्या कॉम्प्युटर-प्रणालीवर वाचून दाखवणारा आवाज आयता मिळतो, पण तो जोडाक्षरांवर अडखळतो. आई म्हणायची, "ह्या बाईचे दात पडलेत का गं?" म्हणून मी मूळ कोड आणून, दुरुस्त करून, हाताने बसवला. पॅकेज मॅनेजरला – प्रोग्रॅम बसवणाऱ्या-काढणाऱ्या कारभाऱ्याला – फक्त स्वतः आणलेलं ठाऊक. माझा आवाज त्याच्या खिजगणतीत नाही. त्या आवाजाला लागणारी लायब्ररी, म्हणजे आतला आधाराचा कोड, ती मात्र त्यानेच आणलेली. कुणालाच लागत नाही असं दिसलं, की साफसफाईत उडते. उडाली.

घरात तरी वेगळं काय? औषधं, आंघोळ, डॉक्टर – दिसतं कुणाला? संध्याकाळी आई फोनवर त्याला म्हणाली, "तू नीटच केलं असशील रे. हिचीच काहीतरी खुडबुड." मी तिथेच होते. तिची वेणी घालत.

१३ फेब्रुवारी

आईला जेवण वाढलं, औषधं दिली आणि पुन्हा मशीनपाशी बसले.

१५ फेब्रुवारी

ह्या वेळी रीतसर केलं. आवाजाचं नीट पॅकेज बांधलं, त्याला कोणती लायब्ररी लागते तेही आत लिहिलं, आणि मॅनेजरकडूनच बसवून घेतलं. आता तो स्वतःहून तिला धक्का लावणार नाही. दिवसभर मान वर केली नाही मी. आईने दोनदा हाक मारली – "थांब गं, तुझंच काम चाललंय!"

आवाज सुरू झाला. खणखणीत! वाटलं, हसेल. "झालं का सुरू?" एवढंच म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून निजली. कौतुकाचा एक शब्द नाही. ह्या बाईसाठी मी काय काय करू?

१६ फेब्रुवारी

भावाला फोन करून मनसोक्त झापलं. मग तो म्हणाला, "ताई, साफसफाईत नाही गेली ती लायब्ररी. मी मुद्दाम काढली. आईनेच सांगितलं होतं – बंद कर तो आवाज, तो आल्यापासून ही माझ्याजवळ बसतच नाही."