खालच्या उजव्या दाढेची वही

३ फेब्रुवारी १९९४, गुरुवार
उजवीकडची खालची दाढ नऊ दिवसांपासून ठणकते आहे. दाताचा डॉक्टर बन्सीधर म्हणाला, कधी दुखतं, काय खाल्ल्यावर दुखतं, रोज लिहून आणा. म्हणून ही वही. एरवी मला असला शौक नाही.

बन्सीधर माझा विद्यार्थी. सातवीत अपूर्णांक चुकायचा. औरंगाबादहून शिकून आला, सेलूत दवाखाना टाकला. सहा महिने झाले, खुर्ची रिकामी. इथल्या बायका दाढेखाली लवंग धरतात, तंबाखूची मिसरी लावतात, पण खुर्चीचं नाव काढलं की घर गाठतात. २० तारखेला त्यानं मोफत शिबिर ठेवलं आहे. तेव्हाही बायका बसल्या नाहीत तर दवाखाना बंद करून जालन्याला दुसऱ्याच्या हाताखाली जाणार म्हणतो. मी सांगितलं, सगळ्यांदेखत पहिली दाढ माझी काढ. महिला मंडळात तसं जाहीर करून आले.

दाढ आजच काढता आली असती. शिबिरासाठी राखून ठेवली.

६ फेब्रुवारी, रविवार
पुरवणीत वाचलं: अमेरिकेत दाताच्या खुर्चीत माणसाच्या डोळ्यांवर यंत्र चढवतात. त्यात समुद्र, डोंगर दिसतात. माणूस मनानं तिकडे जातो, इकडे डॉक्टर काम उरकतो. आभासी जग म्हणे. पटलं. अडाणी बायकांना याचीच गरज आहे. मला नाही.

असं यंत्र आपल्या घरात आहे, हे दुपारी लक्षात आलं. बसवंत, माझा पुतण्या, मस्कतहून आला तेव्हा घेऊन आला होता. डोळ्यांना लावायचं, आत चित्रांची चकती घालायची, बाजूचा खटका दाबला की पुढचं चित्र. थेट तिथे उभं असल्यासारखं दिसतं. ह्यांनी पेपरातून मान वर न करता सांगितलं की ते बसवंताच्या पोरीचं खेळणं आहे. कापसाच्या अडतीत जन्म घालवलेल्या माणसाशी विज्ञानावर वाद घालत नाही.

दुखणं: सकाळी थोडं. शिरा खाल्ल्यावर बरंच. शिरा औषध म्हणून खाल्ला होता.

८ फेब्रुवारी, मंगळवार
यंत्र डोक्याला बांधायला इलॅस्टिक लावलं. जुन्या परकराचं. उजेडाकडे तोंड केल्याशिवाय चित्र दिसत नाही, म्हणून पुढे टॉर्च बांधला. तानुबाई भांडी घासता घासता बघत होती. म्हणाली, बाई, इंजिन दिसायलाय.

चकत्या पाच. स्वित्झर्लंड, पेंग्विन, सर्कस, दोन फाटक्या.

काल सोमवार होता म्हणून दवाखान्यात गेले नाही. सोमवारी रक्त काढू नये. जाऊबाईंनी विचारलं, हे कुठं लिहिलंय. चन्नबसम्मा माझ्या थोरल्या जाऊबाई. चौथी शिकलेल्या. त्या स्वतः सोमवार कडक पाळतात, तरी विचारतात.

११ फेब्रुवारी, शुक्रवार
रंगीत तालीम. बन्सीधर फक्त दात साफ करणार होता. यंत्र चढवून मी खुर्चीत आडवी. आधी स्वित्झर्लंड. तळं छान होतं. पण यंत्रात दोष आहे, मी एकदाच खटका दाबला तरी चित्रं भराभर बदलत गेली. बन्सीधर म्हणाला, बाई, हात थरथरतोय तुमचा. मी म्हटलं, टॉर्चच्या वजनामुळे.

मग चकती बदलली. ती नेमकी सर्कसची निघाली. तिसऱ्या चित्रात सिंहानं जबडा उघडलेला आणि एक माणूस वाकून आत बघतोय. त्याच क्षणी बन्सीधर म्हणाला, आ करा.

घरी दूध तापवायचं राहिलं होतं, ते आठवलं म्हणून निघाले. यंत्र डोळ्यांवरच होतं, म्हणून दार लवकर सापडलं नाही.

निष्कर्ष: सर्कस वगळणे.

१५ फेब्रुवारी, मंगळवार
दोन दिवस दुखणं नाही. (तिसऱ्या दिवशी होतं.) डाव्या बाजूनं जेवते. डावी बाजू इतकी वर्षं आळशीच होती, तिलाही काम हवं.

जाऊबाईंचीही एक दाढ किडली आहे. त्यांना यंत्र दाखवलं. पेंग्विन बघून म्हणाल्या, बिचारे उन्हाळ्यात काय करीत असतील. त्यांना एकाग्रता म्हणजे काय ते समजावलं. पाऊण तास. तोपर्यंत त्यांची पूजेची वेळ झाली, उठून गेल्या. रोज गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊन त्यावर नजर लावून बसतात. हाक मारली तरी ओ देत नाहीत. लग्न झाल्यापासून मी हे बघते आहे. मीही पूजा करते, दोन मिनिटांत. शाळेची घंटा असायची.

२० फेब्रुवारी, रविवार, दुपारी
शिबिर. शाळेच्या दोन खोल्या मागून घेतल्या होत्या. बायका साठ-सत्तर. सगळ्या भिंतीला टेकून. मी यंत्र हातात धरून पंचवीस मिनिटं भाषण केलं. बन्सीधर दोनदा घड्याळाकडे बघून गेला. मग खुर्चीत बसले. यंत्र चढवलं. पेंग्विन.

बन्सीधरनं सुई भरली. ती मला दिसली नाही, पण भरल्याचं कळलं. नेमका त्याच वेळी टॉर्च विझला. आत काळोख. सेल नवे घालायला हवे होते, हे तानुबाईचं काम.

सेल आणायला मी स्वतः गेले. बाजारात जायला मागचं दार सोयीचं पडतं. रविवार असल्यानं दुकानं बंद होती, म्हणून घरी थांबले.

त्याच दिवशी, संध्याकाळी
पुढचं तानुबाईनं सांगितलं. मी गेल्यावर बायका पिशव्या उचलून निघाल्या. एक जण म्हणाली, बाईच पळाल्या की, आपली काय गत. बन्सीधर खाली मान घालून सुई परत ठेवायला लागला. तेव्हा जाऊबाई उठल्या. पदर सावरून खुर्चीत बसल्या, डावा हात छातीसमोर धरला, तळहात वर. त्यात काहीही नव्हतं. त्या रिकाम्या हातावर नजर लावून तोंड उघडलं. बन्सीधरनं दाढ काढली तरी पापणी हलली नाही. मग कापूस दाताखाली धरून बायकांकडे बघून मान हलवली, झालं म्हणून. बेचाळीस बायका बसल्या.

तानुबाई सांगत होती, लय शांत बसल्या, माय.

बन्सीधर जालन्याला जात नाही. शिबिर माझ्या नियोजनामुळे यशस्वी झालं असं म्हणायला हरकत नाही.

२२ फेब्रुवारी, मंगळवार
गाल सुजला. ह्यांनी आरशात बघायला सांगितलं. मी नाही बघितलं.

सकाळी पूजेच्या वेळी तळहाताकडे टक लावून बघण्याचा प्रयत्न केला. चार मिनिटं. आधी दहावीच्या उत्तरपत्रिका दिसल्या, मग पक्कड.

२३ फेब्रुवारी, बुधवार
ताप. पाणीसुद्धा गिळता येत नाही. बन्सीधर स्वतः घरी आला. म्हणाला, बाई, सूज गळ्याकडं उतरायलीय. उद्या न्हाई काढली तर परभणीला सरकारी दवाखान्यात न्यावं लागंल, तिथं मी नसणार.

मी भीत नाही. फक्त तारीख सोयीची नाही.

२४ फेब्रुवारी, गुरुवार
गेले. जाऊबाई सोबत आल्या, न विचारता. यंत्र नेलं होतं, पण सुजलेल्या गालावर इलॅस्टिक बसेना. खुर्चीत आडवी झाले. छताला एक पाल होती. जाऊबाईंनी स्टूल ओढलं आणि आपला डावा हात माझ्या डोळ्यांसमोर धरला.

"माझ्या हातात बघ. दुसरीकडं बघू नको."

मी बघितलं. हळद मुरलेली. स्टोव्हच्या डागाची एक पांढरी खूण. मधोमध जरा खोलगट, इतकी वर्षं इष्टलिंग धरल्यानं. मग तो हात मी कधी धरला ते आठवत नाही. ओरडले नाही. बन्सीधर म्हणतो ओरडलात, पण तेव्हा बाहेरून कापसाचा ट्रक गेला.

देणं-घेणं, लेखी:
बन्सीधरला दिलं: चित्रयंत्र एक, चकत्या पाच (सर्कससह), इलॅस्टिक एक, टॉर्च एक, सेल नाहीत. बाहेर बसणाऱ्या पोरांसाठी ठेवतो म्हणाला.
त्यानं मला दिलं: दाढ एक, मुळं दोन, कागदाच्या पुडीत.
जाऊबाईंना परत केला: डावा हात एक. नखांच्या खुणा चार.