कंट्रोलरसाठी फिरती दांडी

फुलेवाडी, कोल्हापूर
ता. ७ जानेवारी २०२५

ती. अण्णास दानव्वाचे शरणु शरणार्थी. वि. वि.,

तुझं पत्र पोचलं. माझ्या नावामागं 'गं. भा.' लावलं नाहीस, ते बरं केलंस. लग्नपत्रिकांवर ते येतंच आता, तुझ्याकडून नको.

शालूबाई शेजारीण म्हणतात, पत्रं कसली लिहीत बसता, फोन करा की. त्यांना काय सांगू? तुझे कान छापखान्यातल्या मशीननं नेले. मी फोनवर ओरडून बोलले की तुला काही कळत नाही आणि आमच्या गल्लीला सगळं कळतं.

मुद्द्याचं लिहिते. आपला कंट्रोलर बरा नाही. तू त्याला एकदाच पाहिलंस. राखाडी अंग, पिवळा तुरा, गालावर तांबूस ठिपका. बाजारात ह्या पोपटाला कॉकटेल म्हणतात. ह्यांनी एस.टी.तून निवृत्त झाल्यावर आणला, आणि दिवसभर शिट्ट्या मारतो म्हणून स्टँडवरच्या कंट्रोलरचं नाव दिलं. गाडी मागं घेताना कंडक्टर मारतात ती शिट्टी ह्यांनीच शिकवली. शालूबाईंच्या मालकांनी एकदा त्या शिट्टीवर मोटार मागं घेतली आणि आमच्या पायरीवर चढवली. ह्यांनी वर त्यांनाच विचारलं की पावणं, कंट्रोलरनं अजून बास कुठं म्हटलं होतं?

श्रावणात हे गेले, तेव्हापासून त्याची शिट्टी बंद आहे. स्वतःची पिसं उपटतो. छातीवर नुसती कातडी दिसते. मी खोलीतून हलले की किंचाळून गजांवर डोकं आपटतो. पाखरांच्या डॉक्टरांनी सांगितलं की पिंजऱ्यातून काढा, तुम्ही जिथं बसाल तिथं शेजारी ठेवा. हाताने उचलून नेता येईल अशी दांडी करून घ्या. असंच चाललं तर जखमा होऊन जाईल. बाजारात आहेत त्या दांड्या मोठ्या पोपटांच्या, मला उचलायच्या नाहीत.

श्रीशैल पुण्याहून म्हणतो, आई, दुकानात परत दे, एका पाखरापायी तू घरात अडकलीस. अडकले आहे, खरं आहे. पण ह्यांना रोज बघितलेला माझ्याशिवाय ह्या घरात आता तोच एक जीव उरलाय. तोही गेला तर सकाळी कशासाठी उठायचं, हे मला खरंच कळत नाही.

तुझे हात थरथरतात हे ठाऊक आहे. तरी विचारते, करशील का?

सूनबाई वर्षाराणीला आशीर्वाद. माझ्यावर माया ठेवतोस ती अशीच असू दे.

तुझी,
दानव्वा

*

गडहिंग्लज
ता. १५ जानेवारी २०२५

चि. दानव्वा हिस अण्णाचे अनेक आशीर्वाद. इकडे सगळे बरे.

घाबरत घाबरत विचारलंस. अगं, प्रेस बंद पडल्यापासून मला कुणी काही करायला सांगितलेलंच नाही. सूनबाई तर चहाचा कपसुद्धा हातात देत नाही, टेबलावर ठेवते आणि बघत उभी राहते. तुझं पत्र वाचून मी परसातल्या पेरूखाली जाऊन उभा राहिलो. वर्षाराणीला वाटलं, म्हातारं आता झाडावर चढतंय.

फांदी ठरवली आहे. एका बाजूला जाड, दुसरीकडे बारीक, म्हणजे त्याचे पाय आखडणार नाहीत. साल ठेवणार, पाखराला चावायला काहीतरी पाहिजे. खाली घाण पडायला जुनी परात, मध्ये खांब, वर धरायला डब्याची कडी.

एकच माप पाहिजे. तू उभी राहून जमिनीपासून हात लोंबकळतो तिथवर सूत धर, गाठ मार आणि पत्रात घालून पाठव. तुझे गुडघे मला माहीत आहेत, वाकायला लागता कामा नये. सेंटीमीटर लिहून पाठवू नकोस, तू लहानपणापासून आकड्यांत चुकतेस.

दाजी असते तर ह्या कामावर उभे राहून हुकूम सोडले असते. असो. तब्येतीला जप आणि म्हाताऱ्या भावाला विसरू नकोस.

तुझा,
अण्णा

*

फुलेवाडी, कोल्हापूर
ता. २३ जानेवारी २०२५

ती. अण्णास शरणु शरणार्थी. वि. वि.,

सूत पाठवते आहे. दोन गाठी दिसतील, खालची खरी. वरची मारताना कंट्रोलर किंचाळला आणि माझा हात हलला.

काल त्यानं पंखाखालचं पीस उपटलं आणि रक्त आलं. हळद दाबून धरली. रात्रभर त्याला पदरात घेऊन ह्यांच्या खुर्चीत बसले. अंग असं हलकं लागलं की मला माझ्याच हातांची भीती वाटली. अण्णा, घाई करायला मी कुणाला सांगत नाही, तुला सांगते.

पोस्टानं पाठवू नकोस, मोडेल. ह्यांच्याबरोबर काम केलेला आकाराम कंडक्टर तुमच्याकडच्या गाडीवर असतो. त्याला सांगितलंय. तो म्हणाला, वैनी, मांडीवर घेऊन आणतो की.

आहे तसा जीव लावत राहा.

दानव्वा

*

गडहिंग्लज
ता. ९ फेब्रुवारी २०२५

चि. दानव्वा हिस आशीर्वाद.

हे पत्र आणि दांडी दोन्ही आकारामच्या हाती देतो आहे. त्यानं बघितल्या बघितल्या विचारलं, ह्याचं तिकीट फुल्ल की हाफ?

एक गोष्ट समजावून सांगतो. दांडी हलकी आणि उंच, पाखरू एका टोकाला गेलं की सगळं उलटणार. म्हणून बूड जड पाहिजे. मालकांनी प्रेस मोडीत काढला तेव्हा छपाईच्या अक्षरांचे शिशाचे खिळे किलोवर विकले गेले. एक डबा मी मागून घेतला होता. तो कॉटखाली कशाला ठेवलाय, असं सूनबाई दर दिवाळीला विचारायची. आता विचारणार नाही. परातीत तळाला चौकट करून तीत ते खिळे अक्षरं वर करून ठासून बसवले, छापायचं पान सुतळीनं आवळायचो तसे. वारा येऊ दे नाहीतर शालूबाईंच्या मालकांची मोटार येऊ दे, हलणार नाही. तरी तुला एका हातानं उचलेल, मी उचलून पाहिलंय.

मधल्या ओळीत मोठ्या टायपात दाजींचं नाव जुळवलं आहे. गुरुसिद्ध. तुला उलटं दिसेल. शाई लावून कागद दाबलास की सुलट येईल. 'सि'ची वेलांटी बसवायला अख्खी दुपार गेली. तीनदा हातातून पडली, चौथ्यांदा बसली. दानव्वा, दुपारभर माझा हात थरथरतोय हे माझ्या ध्यानातच नव्हतं.

पोचल्याचं लगेच कळव. जीव तिकडे लागला आहे.

अण्णा

*

फुलेवाडी, कोल्हापूर
ता. २० फेब्रुवारी २०२५

ती. अण्णास शरणु शरणार्थी. वि. वि.,

पोचली. आधीच लिहिणार होते, पण हात रिकामा नव्हता. एका हातात कंट्रोलरची दांडी आणि दुसऱ्यात झाडू, अशी मी घरभर फिरते आहे. शालूबाई म्हणतात, तुमची पालखी निघाली काय?

पहिल्या दिवशी पंजे घट्ट रोवून नुसता बसला. दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात भाकरीचा तुकडा मागितला. आता मी जिथं, तिथं तो. किंचाळणं थांबलं. छातीवर बारीक काटे फुटलेत, डॉक्टर म्हणाले, ही नवी पिसं. रविवारी मी वाचनालयातलं पुस्तक घेऊन दारात बसले होते, आणि अण्णा, त्यानं शिट्टी मारली. अर्धीच मारली. मी पुस्तक मिटलं.

एक गंमत सांगते. तो खांबाला धरून खाली उतरतो आणि तुझ्या खिळ्यांशी खेळतो. ह्यांचं नाव तर त्याला भारी आवडलंय. दुपारभर कुरतडत असतो. तू इतक्या कष्टानं बसवलेल्या वेलांटीचं शेपूट त्यानं खाऊन टाकलं, रागावू नकोस. मी म्हटलं, कंट्रोलरसाहेब वाचायला शिकले. मी तरी काय वेगळी शिकले? माझी शाळा सुटल्यावर तू फुकट गेलेली प्रुफं आणायचास आणि मी चुलीपुढं बसून एकेक अक्षर चावत होते.

पाडव्याला त्याला घेऊन तुमच्याकडे यायचा विचार आहे. किती महिन्यांनी मी पुढच्या एखाद्या दिवसाचा विचार केला, तुला म्हणून सांगते.

देवानं तुझे हात असेच ठेवावेत.

दानव्वा

*

गडहिंग्लज
ता. २ मार्च २०२५

चि. दानव्वा हिस आशीर्वाद.

तुझं पत्र मी घरात सगळ्यांना वाचून दाखवलं. समोरच्या तेजस्वीलाही. तिच्याकडे लव्हबर्ड्सची जोडी आहे. पोरगी म्हणाली, आजोबा, मला पण अशीच दांडी पाहिजे. लगेच घेतली करायला. डब्यात खिळे अजून पुष्कळ आहेत. तिच्या दांडीवर तिचं नाव जुळवणार आहे. जोडाक्षर आहे, बघू हात काय म्हणतो.

वेलांटी खाल्ली तर खाऊ दे. काळजीचं काही नाही. आम्ही जन्मभर खिळे दातात धरून ओळी जुळवल्या, काय झालं? संध्याकाळी सुट्टी होताना मालक प्रत्येकाच्या हातावर गुळाचा खडा ठेवायचे, शिसं बाधू नये म्हणून. कंट्रोलरलाही चिमूटभर गूळ देत जा. छापखान्याच्या माणसासारखा राहील.

पाडव्याला नक्की या. वर्षाराणीनं आतापासून तुझी खोली झाडायला घेतली आहे. वाट बघतो.

अण्णा

*

फुलेवाडी, कोल्हापूर
ता. १६ मार्च २०२५

ती. अण्णास शरणु शरणार्थी.

कंट्रोलर गेला.

तुझं पत्र आलं तेव्हा तो दोन दिवस खात नव्हता. हिरवट हगत होता, पंख खाली सोडून बसायचा. मी उन्हाळा लागला म्हणून समजले. तू लिहिलंस म्हणून गूळ पाण्यात विरघळून चोचीला लावला. त्यानं चाटला. दुसऱ्या दिवशी दांडीवर पंजे धरेनात, पडला. डॉक्टरांकडे नेला. त्यांनी फोटो काढून काचेवर लावून दाखवला. एवढुशा पोटात पांढरे ठिपके होते. त्यांनी विचारलं, घरात शिसं कुठं आहे? मी म्हटलं, माझ्या घरात शिसं कुठून येणार? आणि मग मला कळलं. इंजेक्शनं दिली. मंगळवारी दुपारी माझ्या हातात मान टाकली.

हे तुला लिहायचं नाही, असं मी ठरवलं होतं. थंड पाण्यानं गेला म्हणून लिहिणार होते. तसं लिहून पाकीटही चिकटवलं होतं. पण तू त्या मुलीसाठी दुसरी दांडी करतो आहेस. तिचीही पाखरं अशीच मरतील. म्हणून ते पाकीट फाडलं.

खिळे काढ, अण्णा. दगड घाल. हे पत्र मिळताच काढ. शालूबाईंच्या मोबाईलवरून वर्षाराणीलाही निरोप टाकला आहे, पण तिनं तो तुला कसा सांगितला असेल कोण जाणे. खरं तुला माझ्याकडूनच कळायला पाहिजे.

पाडव्याला मी येत नाही.

दानव्वा

*

गडहिंग्लज
ता. २५ मार्च २०२५

ती. आत्याबाईंस वर्षाराणीचे शरणु शरणार्थी. वि. वि.,

तुमचं पत्र मामंजींनी वाचलं. तेजस्वीला दांडी अजून दिली नव्हती, एवढं एक बरं. त्यांनी ती मोडली, सगळे खिळे डब्यात भरले आणि डबा परसात पुरून आले. फावडं घेऊन दोन तास एकटेच होते, कुणाला जवळ येऊ दिलं नाही.

तेव्हापासून फारसे जेवत नाहीत. हातांची थरथर इतकी वाढली आहे की घास तोंडापर्यंत जात नाही, आणि भरवलेला चालत नाही. तुम्हाला लिहायला बसतात, पेन धरतात, ठेवतात. मी म्हटलं, सांगा, मी लिहून देते. तर मानेनंच नाही म्हणाले. काल त्यांनी मला विचारलं, तुला काय वाटतं, पाखरू माझ्यामुळंच गेलं काय?

आत्याबाई, पाया पडून सांगते. एवढंच लिहा की डॉक्टर चुकले, पाखरू वयानं गेलं. तुमच्या अक्षरातलं ते खरं मानतील. तुम्ही मोठ्या आहात, असं सुचवल्याचा राग मानू नये.

वर्षाराणी

*

फुलेवाडी, कोल्हापूर
ता. २ एप्रिल २०२५

ती. अण्णास शरणु शरणार्थी. वि. वि.,

पाडवा झाला. मी दार लावून घेतलं होतं. शालूबाई पोळ्या ठेवून गेल्या.

वर्षाराणीनं मला तुझ्यासाठी एक वाक्य मागितलं आहे. पोरगी चांगली आहे, तिच्यावर चिडू नकोस. पण ते वाक्य मला लिहिता येत नाही. तू मला वाचायला शिकवलंस ते खोटं लिहायला नव्हे. तू तिला विचारलंस, ते मला विचारायचं होतं. तर ऐक. हो, अण्णा. तो तुझ्या खिळ्यांनीच गेला. आणि तो खात होता तेव्हा मी समोर बसून हसत होते. दोघांनी मिळून मारला. आता तू एकटाच ते सगळं घेऊन बसला आहेस, आणि इकडे मी एकटी. ह्यातून बरं काय होणार, ते मला दिसत नाही. वेळ गेला की कमी होतं म्हणतात. ह्यांच्या वेळेला मी वाट बघितली. कमी होत नाही. सवय होते, ती वेगळी गोष्ट.

श्रीशैल म्हणतो, आता तरी घर बंद करून पुण्याला ये. जाईन बहुतेक. इथं काय आणि तिथं काय. सकाळी मी उठते, चहा करते, कप धुऊन ठेवते, मग काय करायचं हे आठवत नाही. पुस्तक उघडलं तर ओळ तीच राहते.

मी तुझ्यावर रागावलेले नाही. हे वाचून तुला बरं वाटेल असं नाही, हे मला कळतं. पण तेही खरं आहे, म्हणून लिहिलं.

तू उत्तर लिही, असं म्हणत नाही. अक्षर निघणार नाही, हे माहीत आहे. एक कर. कोरा कागद घडी करून पाकिटात घाल आणि पाठव. वर पत्ता मात्र वर्षाराणीकडून लिहून घेऊ नकोस. कितीही वेडावाकडा होऊ दे, पोस्टमन शोधत येईल. तुझ्या हातचा पत्ता दिसला की मी समजेन, आहेस. तेवढंच मला पुरवून वापरायचं आहे.

उरलेल्या मायेतली थोडी माझ्यासाठी बाजूला ठेव.

तुझी,
दानव्वा