डॉक्टरीणबाईंचा दिवा आणि आमचं खुराडं

प्रिय गुनवोरताईस,

आस्लॉगचा नमस्कार. तुझे गुडघे काय म्हणतात? बर्गनचा पाऊस थांबला का? (थांबणार नाहीच, पण विचारायची रीत असते.) इकडे मी ठणठणीत आहे. आमच्या या उत्तर टोकाला सूर्य नोव्हेंबरात गेला तो अजून फिरकलेला नाही.

पत्राला कारण असं की मला जबर धक्का बसलाय, अक्षर सांभाळून घे. आमचे हॉल्वार यंदा अंधार पडल्यापासून कोचावर आडवे झाले ते उठेचनात. जाळी तशीच पडलेली, होडी तशीच, दाढी छातीपर्यंत. बोलणं म्हणजे नुसतं 'हूं'. मला भीतीच वाटायला लागली गं. शेवटी डॉक्टरीणबाईंनी एक लखलखीत दिवा दिला. रोज सकाळी त्याच्यासमोर बसायचं, मन ताळ्यावर येतं म्हणे. तर हे केवढे उसळले! "मी काय टोमॅटोचं रोप आहे? माझ्या बापाचा जन्म गेला या अंधारात, त्याने कधी दिवा लावून घेतला नाही!" आणि दिवा उचलून थेट खुराड्यात टांगून आले, कोंबड्या तरी अंडी देतील म्हणून. (थंडीत कोंबडीला दिवा लागतो हे इथे पोरासोरांनाही पटतं. नवऱ्याला लागतो म्हटलं की आभाळ कोसळतं.)

आणि काय सांगू, दुसऱ्याच आठवड्यात हे आपणहून उठायला लागले. दाढी केली! "कोंबड्या बघून येतो" म्हणून जायचे ते जेवणाच्या वेळेला उगवायचे, हातात एकुलतं एक अंडं. मला वेगळाच संशय आला. खुराड्यापलीकडे तुरीड राहते, नवरा गेलेली, आणि मेली केक फार छान करते. परवा सकाळी मी कोट चढवला आणि मागोमाग गेले. (सकाळ म्हणजे घड्याळात. बाहेर मिट्ट काळोख.)

दार उघडलं आणि बाई गं! हॉल्वार, दुकानदार सिगबर्न आणि आपले पाद्रीबाबा, हो, पाद्रीबाबा, तिघं उपड्या बादल्यांवर, अंगात नुसते गंजिफ्रॉक, तोंडं दिव्याकडे, डोळे मिटलेले. पाद्रीबाबांच्या मांडीवर कोंबडी. मी किंचाळलेच. हे म्हणाले, "दार लाव आधी, कोंबड्यांना वारा लागतो." सिगबर्न म्हणाला, "आम्ही आपले अंड्यांची चौकशी करायला आलो होतो, वहिनी." आणि पाद्रीबाबा डोळेही न उघडता म्हणाले, "जरा बाजूला सरका, सावली पडते."

सांग, आता रविवारी प्रार्थनेला कोणत्या तोंडाने बसू?

तुझी,
आस्लॉग

ता. क. तिथे चौथी बादलीही होती, वर उशी ठेवलेली. कोणाची म्हणून विचारलं, तर हे म्हणाले, "तुझीच. कधीची ठेवलीय. तू हल्ली स्वयंपाकघरात दिवासुद्धा लावत नाहीस, अंधारात बसून राहतेस. पण तुला सांगणार कोण?"

ता. क. (दुसरा) मी ताडताड घरी आले आणि खूप रडले. ताई, काही करावंसंच वाटत नाही गं. तू ये. सूर्य येईपर्यंत राहा. त्या तीन पुरुषांत एकटीने जाऊन बसायची मला लाज वाटते.