सोबतीला भरलेला अर्ज

प्रिय ठमे,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून हा कागद. बाबा दुपारच्या बसनं तुझ्याकडे, मावशीच्या गावी निघालेत, तेच आणून देतील. आत्तापासूनच बूट घालून दारात बसलेत. बसला अजून केवढा तरी वेळ आहे, पण तुला माहितेय ना त्यांचं, गाडी आपल्याला टाकून जाईल म्हणून आदल्या दिवसापासून जीव खालीवर. आणि मी त्यांच्याहून वरचढ. लिहायला बसते की उठते. मघाशी गॅस बंद आहे का बघायला गेले, मग उगाचच खिडकी लावली आणि पुन्हा उघडली. पहिला कागद फाडून टाकला, कारण त्यात मी तुला 'अनेक आशीर्वाद' वगैरे लिहिलं होतं आणि माझं मलाच हसू आलं.

खोल्यांचे फोटो तू बाबांना पाठवलेस, मला नाही. असू दे. त्यांनी दाखवलेच. जिन्याखालची खोली मुळीच घेऊ नकोस. भिंतीला ओल आहे, ती झाकायला तिथं कपाट उभं केलंय आणि कपाटाच्या वर डाग दिसतोय. मावशीनं दाखवलेली गच्चीलगतची खोली मात्र चांगली आहे. लहान आहे, पण खिडकी खरी आहे, नावाला ठेवलेली नाही. दार आत उघडतं, म्हणून टेबल दाराजवळ ठेवशील तर रोज आडवं होऊन आत शिरावं लागेल. ते खिडकीच्या भिंतीला लाव, उजेड डावीकडून येईल आणि नकाशे काढताना हाताची सावली कागदावर पडणार नाही. वरच्या मजल्यावर पाण्याला जोर आहे का, ते स्वतः नळ सोडून बघ. घरमालकीणबाई 'चोवीस तास पाणी' म्हणाल्या असतील, सगळ्याच म्हणतात. वसतिगृहाच्या सोडतीत नाव आलं नाही म्हणून तू रडलीस, असं मावशी सांगत होती. अगं, सोडत म्हणजे चिठ्ठ्या. त्यात तुझ्या हुशारीचा काय संबंध?

मावशी आणखी एक म्हणाली. तिथल्या विद्यापीठानं तुला वास्तुकलेची जागा पक्की दिलीय, खोली तुला पसंत आहे, उद्या संध्याकाळपर्यंत होकार कळवायचाय, आणि तू कळवत नाहीयेस. का कळवत नाहीस ते तिलाही ठाऊक आहे आणि मलाही. इथल्या विद्यापीठाच्या यादीत मी आहे आणि तू प्रतीक्षायादीत पहिली. मी जागा सोडली की ती तुझी. माझी मुदत आज संध्याकाळपर्यंत. यादी लागल्यापासून घरात हे कुणी मोठ्यानं बोललं नाही, पण आपण तिघंही भांडीसुद्धा जपून ठेवत होतो, आवाज होऊ नये म्हणून.

ठमे, आठवतंय हे सुरू कसं झालं? परीक्षेला एकटीनं जायला तू तयार नव्हतीस. मी म्हटलं, मी येते की, फाटकाबाहेर उभी राहते. तर तू लॅपटॉप पुढ्यात ओढलास आणि म्हणालीस, उन्हात कशाला उभी राहतेस, तुझाही अर्ज भरून टाकते, म्हणजे आत पंख्याखाली बसायला मिळेल. वयाची अट नाही, तूच वाचून दाखवलंस. माझा फोटो तू काढलास, आपल्या दाराच्या कडीपाशी उभं करून, आणि मला हसू नकोस म्हणून दटावलंस, कारण अर्जावरच्या फोटोत हसायचं नसतं. बाबा म्हणाले, मायलेकी मिळून विद्यापीठ विकत घेणार बहुतेक. केवढे हसलो होतो आपण. कामांचे नमुने जोडा म्हणून होतं, तर तूच माझ्या ऑफिसातल्या नकाशांच्या जुन्या गुंडाळ्या माळ्यावरून काढल्यास, धूळ झटकलीस आणि त्यातले बरे निवडलेस. मी म्हणत होते, सगळे जिने नि संडास आहेत, काय दाखवायचंय त्यात. तू म्हणालीस, आई, लोक इमारतीत त्याच दोन ठिकाणी रोज जातात.

आता परीक्षेचं सांगते. हे मी तुला सांगितलेलं नाही, बाबांनाही नाही. माझ्या पुढे काही बाक सोडून तू बसली होतीस, वेणीला तो हिरवा रबर. मी ठरवलं होतं, पंधरावीस मिनिटं काहीतरी गिरवायचं आणि मग तुझ्याकडे बघत बसायचं, तू मागं वळलीस तर हसायचं. प्रश्न आला, जिथं पुष्कळ माणसं वाट बघतात अशी एक जागा काढा. तुझ्या बाबांच्या पायाचा एक्स-रे काढायला गेलो होतो, ती दवाखान्यातली बोळ मला आठवली. अंधारी, भिंतीला टेकून उभी असलेली माणसं, आणि पिशव्या कुठं ठेवायच्या हे कुणालाच कळत नव्हतं. मी आधी बाकं काढली. मग बाकांखाली पिशव्यांना फळी. मग वाटलं, आतलं दार उघडलं की सगळे दचकून उठतात, तर दार समोर नकोच, बाजूला घेऊ. मग वरून उजेड. अगं, मला कुणी सांगितलं नव्हतं दार कुठं ठेवायचं! ऑफिसात दार साहेब ठरवतात, मी त्याची कड काढते. इथं मी ते उचललं आणि दुसरीकडे लावलं, आणि कुणी काही म्हणालं नाही. घंटा झाली तेव्हा मी दचकले. मान वर केली तर समोर हिरवा रबर. तू तिथं आहेस हे मी साफ विसरले होते. तुला सोबत करायला आलेली बाई, आणि तूच लक्षात नाहीस. घरी येताना तू विचारलंस, बोअर झालं असेल ना गं तुला. मी हो म्हटलं.

मग यादी लागली. तू फोन माझ्यापुढे धरलास, आधी माझा क्रमांक दिसला म्हणून किंचाळलीस, मला मिठी मारलीस, आणि मग खाली खाली तुझा शोधत गेलीस. तुझा चेहरा उतरताना मी बघितला. तेव्हापासून मला धड बसवत नाही आणि धड उभंही राहवत नाही. आत्यानं फोन करून तुझंच अभिनंदन केलं. म्हणाली, वहिनी काय, सोडेलच, आईच आहे ती. माझ्याशी बोललीसुद्धा नाही. आमचे पट्टीसाहेब (हे नाव तू ठेवलंस आणि आता माझ्या तोंडातून ऑफिसात निसटायची भीती वाटते) खूष झाले, सगळ्यांना चहा पाजला, आणि म्हणाले, वा, म्हणजे घरातच जागा राहिली, लेकीचं काम झालं. कौतुकानं म्हणाले हो. मीही कौतुकानं चहा प्यायले. बाबा फक्त 'तुझं तू ठरव' म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी तुझी सायकल दुरुस्तीला टाकून आले, विद्यापीठात जायला लागेल म्हणून. मी कुणाला काहीच बोलले नाही. आपल्या घरात मी गप्प बसले की तो होकार धरतात. ती सवय मीच लावलीय.

तू मात्र बोललीस. बॅग भरता भरता म्हणालीस की हा अन्यायच आहे. इतकी वर्षं रेघा मारणारी बाई आणि बारावी झालेली मुलगी एकाच यादीत कशी? तेव्हा मी तणतणत स्वयंपाकघरात गेले, पण नंतर त्यावर खूप विचार केला. तुझ्या म्हणण्यात तथ्य आहे. माझा हात बसलेला आहे, तुझा बसायचाय. पण ठमाबाई, दुसरी बाजूही बघ ना. तुला वर्षभर क्लास होता, तिथले सर प्रश्न कसा वाचायचा ते शिकवत होते. तुला परीक्षेच्या आधी पंधरा दिवस कुणी भाजी आणायलाही पाठवलं नाही. मी आदल्या संध्याकाळपर्यंत कुणाच्या तरी बंगल्याची न्हाणीघरं काढत होते आणि सकाळी तुझा डबा भरून आले. मी तुझ्या वयाची होते तेव्हा घरातून एकालाच पुढं शिकवायचं ठरलं आणि तो तुझा मामा होता. त्यानं काही वाईट केलं नाही, मीही कुणाशी भांडले नाही, दोन वर्षांचा ड्राफ्ट्समनचा कोर्स केला आणि नोकरीला लागले. मग तराजू कुठून धरायचा? मला नाही सांगता येत. तपासणाऱ्यांनी नावं झाकून कागद बघितले, एवढंच मला ठाऊक आहे. त्यांना ना आई दिसली ना मुलगी.

आणि मग निघताना, दारात, तू ते म्हणालीस. तू सोबतीला आली होतीस ना आई, मग झाली की सोबत. फार लागलं मला ते. खोटं असतं तर इतकं लागलं नसतं. मी सोबतीलाच गेले होते. आत गेल्यावर काय झालं, ते तुला कुठून कळणार?

बाबांनी आत्ता तिसऱ्यांदा डोकावून 'झालं का' विचारलं. गुणगुणतायत. त्यांना वाटतंय ते तुझ्यासाठी गोड बातमी नेतायत. मला त्यांच्याकडे बघवत नाही.

तिथल्या विद्यापीठाबद्दल मी खोटं बोलणार नाही. इथलं नाव मोठं आहे, तुझ्या मैत्रिणी इथं आहेत, मॉडेलं बनवायची ती लांबलचक कार्यशाळा बघून तुझे डोळे कसे लकाकले होते ते मी पाहिलंय. तिथं तसं काही नसेल. पण शिकवणारे बरे आहेत असं तूच सांगत होतीस, पहिल्या वर्षापासून प्रत्यक्ष बांधकामावर नेतात, आणि तुझी जागा तिथं पक्की आहे, कुणाच्या सोडण्यावर टांगलेली नाही. मला तिथं जाता येणार नाही, गं. नोकरी इथं, बाबा इथं, बाबांचा पाय इथं. तुला कुठंही जाता येईल. हे मी तुला समजावायला लिहितेय की स्वतःला, कोण जाणे. आत्या विचारेल, पन्नाशीला टेकल्यावर पदवी घेऊन करणार काय? दारं उचलून दुसरीकडे लावीन, आणखी काय.

तर ऐक. आज सकाळी बाबा आंघोळीला गेले तेव्हा मी फोनवर विद्यापीठाचं ते प्रवेशाचं पान उघडलं. दोन्ही बटणं शेजारी शेजारी होती. मी 'जागा सोडते' यावर बोट नेलं, खरंच नेलं, आणि तुझा चेहरा डोळ्यांपुढे आणला. तू खूष होशील, माझ्या गळ्यात पडशील, आणि मी पुन्हा ऑफिसात जाऊन संडासाच्या फरशा मोजीन, आणि सगळे म्हणतील, आई असावी तर अशी. मला रडू आलं, आणि ते आनंदाचं नव्हतं. मी 'जागा स्वीकारते' दाबलं. उद्या सकाळी नवी यादी लागेल आणि माझ्या क्रमांकासमोर तसं लिहिलेलं असेल. ते तू तिथं एकटीनं फोनवर वाचू नयेस, माझ्याकडून कळावं, म्हणून हे लिहिलं. आणि माझ्या भरवशावर तिथली पक्की जागा हातची जाऊ देऊ नकोस म्हणून. उद्या होकार कळव, ठमे. बाबांना मी आता दारातच सांगणार आहे, सगळ्यात आधी तुला सांगून झालं म्हणून. रागाव माझ्यावर, हवं तेवढं रागाव, बोलू नकोस काही दिवस. पण मी तुझी जागा घेतली असं मनात धरू नकोस. ती मला मिळाली होती. आणि मला ती हवी होती गं, तुझ्याइतकीच हवी होती.

रागावलीस तरी तुझीच,
आई