ट्रंकेखालची शेकायची गादी

शिराळा, १२ जानेवारी १९७६, सोमवार. संध्याकाळ.

नाग गेला. ऊसतोडीत त्याला कोयता लागला होता. जखम भरेपर्यंत म्हणून ह्यांनी घरी आणून आपल्या फौजेतल्या पत्र्याच्या ट्रंकेत ठेवला. थंडीनं गारठून पडायचा, म्हणून सासूबाईंची विजेची शेकायची गादी ट्रंकेखाली घातली. मी म्हटलं होतं, अर्ध्याच भागाखाली घाला, नकोसं झालं तर त्याला सरकायला जागा राहील. हे म्हणाले, "आगं, चटका बसला तर हालंल की त्यो." ट्रंक पत्र्याची, सगळीच तापलेली. हलून जाणार कुठं?

काल मीच गादी एका कडेला ओढली. उशीर झाला होता. आज ह्यांनी उचलला तर पोटाकडचे खवले भाजून सुटलेले. श्रावणात ह्यालाच भाऊ मानून उपास धरते मी. अंगाखाली भाजत होतं आणि हलला नाही. का? कळतच नसेल त्याला?

हे त्याला पुरून आले. मी गादी पुसून सासूबाईंच्या पायांखाली घातली. साखरेच्या आजारानं त्यांचे तळवे बधिर झालेत. थोड्या वेळानं विचारलं, "आत्याबाई, सोसतंय न्हवं?"

"कुठं काय लागतंय गं? आजून वाढीव की."

बटणावर हात गेलासुद्धा होता माझा. मग एकदम तो ट्रंकेतला डोळ्यांपुढं आला. घोंगडं वर केलं. डाव्या टाचेला टम्म फोड.

पाय तिथंच होता. त्यांनीही हलवला नव्हता.