वरिष्ठांचा आदेश

प्रिय नूतन,

तुझ्या बाबाला निलंबित केलंय. हे आधीच लिहून टाकलं, म्हणजे तुला पानं उलटून शोधायला नको. तब्येत ठणठणीत आहे, आईही बरी आहे. फोन न करता पत्र लिहितोय ते इथे नेटवर्क नाही म्हणून नव्हे. फोनवर तू मला मध्येच अडवतेस आणि मग माझं जे सांगायचं तेच राहून जातं.

आदेश सोमवारी आला. रीतसर घेतला, तारीख घालून पोच दिली. निलंबनाच्या काळात मुख्यालय सोडू नये असं त्यात लिहिलंय. म्हणून रोज दहाला कार्यालयात जातो, हजेरीवर सही करतो आणि बाहेरच्या बाकावर पेपर वाचत बसतो. आमच्या सुनिल वनरक्षकाला याचं भारी हसू येतं. "साहेब, आता काऊन येऊन राह्यले? घरी पडा ना निवांत," म्हणतो. पण आदेश आहे तर पाळायचा. एकतीस वर्षं वनखात्यात मी दुसरं केलं काय? कोरोनात आपल्या चर्चचं प्रार्थनामंदिर बंद ठेवायचा हुकूम आला, तेव्हा पाळकसाहेबांशी हुज्जत घालून दाराला कुलूप लावणारा मीच होतो. देवाची उपासना आपल्या अंगणातही होते, आणि झालीच.

बायबलात पौलाने वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या अधीन राहायला सांगितलंय, कारण अधिकार देवाकडूनच येतो, तो भाग मला किती आवडायचा ते तुला माहीत आहे. खरं सांगू का, पाळकसाहेबांनी "वरिष्ठ" हा शब्द उच्चारला की माझ्या डोळ्यांसमोर थेट आमचे रेंजर साहेब उभे राहायचे, खाकी गणवेशात. मंडळीतल्या बाकीच्यांना हा शब्द पुस्तकी वाटत असेल. माझ्या तर रोजच्या टपालातला. वरिष्ठांच्या आदेशान्वये, वरिष्ठ कार्यालयास सादर. शास्त्र आपल्या खात्याच्या भाषेत बोलतं, याचा मला उगाच अभिमान होता. आई हसायची, पण मी ऐकतोय थोडाच.

आता दसरूचं सांगतो. लहानपणी तुला चारोळ्या आणून देणारा तो दसरू, बुधरीचा नवरा. त्याच्यावर सागवान चोरीची केस झाली, एवढं तुला ठाऊक आहे. त्यातलं माझं काम ठाऊक नाही. तीन वर्षांपूर्वी माझ्या हद्दीत आठ सागाची झाडं तोडली गेली. लाकूड सापडलं नाल्यात, आणि तोडणारे पसार. वरून रोज विचारणा व्हायची, आरोपी कोण. तेव्हाच्या रेंजर साहेबांनी मला बोलावलं आणि सांगितलं, लाकूड दसरूच्या घरामागच्या वाडीत सापडलं असं लिहा. मी लिहिलं. पंचनामा माझ्या अक्षरात आहे, नूतन, आणि सहीही माझीच. लाकडावर जप्तीच्या खुणेचा हातोडाही मीच मारला. घरी येऊन आईला म्हणालो, वरिष्ठांचा आदेश होता. ती ताट वाढून आत गेली.

दसरू सत्तावीस दिवस जेलमध्ये होता. नेमके मोहफुलं वेचायचे दिवस. बुधरीने एकटीने वेचली, तीही अर्धीच, आणि एके दिवशी भर दुपारी नाक्यावर माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मी तिलाही तेच सांगितलं, वरिष्ठांचा आदेश होता. तिने शांतपणे विचारलं, "भाऊ, तुमच्या वरिष्ठाच्या वर कोनी नाई का?" तिच्या मनात वनखात्याचा कोणी मोठा साहेब असणार. तिचे देव रानात, आपलं शास्त्र तिने कधी ऐकलेलं नाही. पण ती निघून गेली आणि मी तसाच उभा राहिलो. मी तिला पाणीसुद्धा विचारलं नव्हतं.

त्यानंतर मी पौलाचा तो भाग पुन्हा वाचला, एकदा नाही, कितीतरी वेळा. आणि मला माझी चूक दिसली, तीही कारकुनी. कुठलाही आदेश काढायचा तर वर "संदर्भ" लिहावा लागतो, कुणी दिलेल्या अधिकारात हे लिहितोय ते. साहेबांना अधिकार देवाने दिला, हे मी आजही मानतो. ते मला भर उन्हात गस्तीला पाठवू शकतात, गडचिरोलीच्या दुसऱ्या टोकाला बदली करू शकतात, मी तक्रार करणार नाही. पण शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष दे, हे सांगायचा अधिकार त्यांना वरून मिळालेलाच नव्हता. मी बिनसंदर्भाचा तोंडी आदेश पाळला आणि देवाचं नाव पुढे केलं. याची मला लाज वाटते, आणि ती तुझ्यापासून तीन वर्षं लपवली याची जास्त.

गेल्या आठवड्यात माझी साक्ष निघाली. नव्या साहेबांनी आदल्या दिवशी समजावलं, पंचनाम्यात आहे तेवढंच बोला, निवृत्तीला अकरा महिने राहिलेत. कोर्टात पिंजऱ्यात उभा राहिलो तर शपथ कुणाची? ईश्वराची. म्हणजे सरकारनेच मला त्याच्यासमोर उभं केलं. मग मला काही जड गेलं नाही. लाकूड नाल्यात सापडलं, पंचनामा खोटा आहे, तो मी लिहिला, असं सांगितलं. सरकारी वकिलांनी मला फितूर साक्षीदार जाहीर केलं. एकतीस वर्षं हुकुमाचा ताबेदार, आणि खरं बोललो त्या दिवशी फितूर! मला तिथेच हसू आलं, न्यायाधीशांनी चष्म्यावरून बघितलं. दसरूचा निकाल पुढच्या महिन्यात आहे, त्याचे वकील म्हणतात सुटेल. बुधरी बाहेर पायरीवर बसली होती. माझ्याकडे तिने पाहिलं नाही, आणि ते बरोबरच आहे. घरी आल्यावर आई म्हणाली, "आता तरी घास उतरन तुमच्या गळ्याखाली."

आता चौकशी होईल. खोटा पंचनामा केल्याचा गुन्हाही कदाचित दाखल होईल, पेन्शन अडेल. मी सगळं कबूल करणार आहे. खोटा आदेश पाळायचा नव्हता, पण त्याची शिक्षा मात्र पाळायची, कारण ती द्यायचा अधिकार त्यांना खरोखर आहे. मला भीती वाटत नाही. तूही माझ्यासाठी कुणाच्या हातापाया पडू नकोस.

पत्र लिहिण्याचं कारण मात्र हे नाही. नाताळात जेवताना तू विचारलं होतंस, बाबा, आमचे साहेब जमिनीच्या एका फेरफारावर मागची तारीख घालून सही करायला सांगतायत, आणि ती जमीन एका विधवेची आहे, मी काय करू? स्वतःची चूक कळूनही मी जुन्या सवयीने, हातातला घासही खाली न ठेवता म्हणालो, तू तलाठी आहेस, वरिष्ठ सांगतात ना, कर. तू मान हलवलीस आणि पुन्हा तो विषय काढला नाहीस. नूतन, तो सल्ला मी मागे घेतोय. सही केली नसशील तर करू नकोस. केली असशील तर कळव, चूक झाली असं लिहून द्यायला मी तुझ्याबरोबर तुझ्या साहेबांपुढे उभा राहीन. मुख्यालय सोडण्याच्या परवानगीचा अर्ज आज सकाळीच दिला आहे. कारण लिहिलंय, मुलीला चुकीचा आदेश दिला होता, तो समक्ष जाऊन रद्द करणे.

तुझाच,
बाबा