फेदोस्या खोटं बोलली

मॉस्को, मोठ्या उपवासाच्या आदला रविवार, १६१५

प्रिय आई,

सहा वर्षांत तुला माझं पत्र नाही, आणि हेही मी पाठवणार नाही. तुला पत्रं डिर्कदादा वाचून दाखवतो, आणि माझं मॉस्कोवरचं पुस्तक छापायला तोच उतावीळ झाला आहे. हे त्याच्या हाती पडायला नको.

उपवास सुरू होण्याआधी इथे सगळे एकमेकांची क्षमा मागतात. आज घरमालकीण फेदोस्या धिरड्यांची ताटली ठेवून माझ्यापुढे कमरेत वाकली.

"क्षमा कर रे बाबा."

मी हसून म्हणालो, "तुम्ही माझं काय वाईट केलंत?"

"खोटं बोलले. कचेरीतला कारकून आला होता, हा परदेशी रोज काय लिहितो म्हणून विचारत. मी म्हटलं, आईला पत्रं लिहितो बिचारा. दुसरं कोण आहे त्याला?"

मी मॉस्कोवर पुस्तक लिहितो हे कारकुनाला कळलं असतं तर हेर म्हणून मला धरून नेलं असतं. आणि माझ्या पुस्तकात लिहिलं आहे की इथली माणसं खोटारडी. उदाहरण म्हणून फेदोस्याचं नावही दिलं आहे.

ती अजून वाकलेलीच होती. "आता तू माग की! कंबर धरली माझी. माझ्या घरात राहून नऊ वर्षं झाली, तुझं काहीच चुकलं नाही? मोठा संत लागून गेलास!"

"मलाही क्षमा करा," मी म्हणालो.

"देव करेल, मीही केली," म्हणत ती चुलीकडे गेली. कशाबद्दल, ते तिने विचारलंच नाही.

तिचं नाव असलेलं ते पान समोर घेऊन बसलो आहे. पुस्तकातलं सर्वांत चांगलं पान तेच आहे, आणि आई, मला अजून ते फाडवत नाही.

तुझा,
लीनर्ट